आधी जागा, मग नमस्कार

रविवारी मी हेडफोन लावून बसले की आईला वाटायचं, ऑफिसचं काम उरलंय. "सुट्टीच्या दिवशी पन चैन नाई पडू देत तुयं हापिस," असं ती करवादायची, आणि पहिले दोन रविवार मी तिला तसंच वाटू दिलं. ती अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये डंडॉकला आली होती. एवढं सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता, खरं सांगते.

तिसऱ्या रविवारी सांगितलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं लहानशा होडीत दाटीवाटीने बसून युरोपकडे निघतात. मधेच इंजिन बंद पडतं, पाणी शिरतं. होडीत बहुतेक वेळा एखादा सॅटेलाइट फोन असतो, त्यावरून ते आमच्या संस्थेच्या मदतीच्या नंबरवर फोन करतात. आमच्याकडे ना जहाज, ना हेलिकॉप्टर. आम्ही आपापल्या घरी बसलेली, पगार न घेणारी माणसं. होडी नेमकी कुठे आहे ते विचारायचं, लिहून ठेवायचं, आणि तिकडच्या बचाव केंद्राला फोन करकरून भंडावून सोडायचं. इतकंच काम.

"म्हंजे तू इथं बसून थ्या लोकायले वाचवते?"

"मी कसली वाचवते! मी फोन उचलते."

मला घेतलं तेच मुळी हिंदीमुळे. होड्यांमध्ये पाकिस्तानी, बांगलादेशी माणसंही असतात आणि घाबरलेल्या माणसाचं इंग्रजी आधी पळतं. माझी हिंदी काही फार शुद्ध नाही, आमच्या विदर्भाची "अपने को क्या मालूम" छापाची आहे, पण समजते सगळ्यांना.

मला शिकवलं ते किलकेनीच्या एका निवृत्त नर्सबाईंनी. पुढे शिफ्टलाही माझ्या जोडीला त्याच असायच्या, त्या त्यांच्या घरी, मी माझ्या, हेडफोनवर लाइन मात्र सतत जोडलेली. त्यांचा पहिला नियम होता, फोन लागला की आधी जागा. अक्षांश आणि रेखांश, दोन्ही आकडे. नमस्कारसुद्धा नंतर. कारण तिकडची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. आम्ही सराव करायचो तेव्हा त्या होडीतला माणूस व्हायच्या. मी दर वेळी सवयीने सुरुवात करायचे, "हॅलो, कसे आहात तुम्ही?" आणि त्या फोन ठेवून द्यायच्या. परत लावून शांतपणे म्हणायच्या, "बुडाले सगळे. ग्रँड, छान झालं. आता पुन्हा कर."

मला राग यायचा. मी तशी भडक डोक्याचीच आहे. पण आमच्याकडे दारात आलेल्या कुरियरवाल्यालाही पाणी विचारल्याशिवाय पाकीट घेत नाहीत, त्याला मी काय करू? माणसाची चौकशी न करता एकदम आकडे मागायचे म्हणजे जीभच रेटत नाही.

तर, ऑक्टोबरातला एक रविवार. सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला, तो बाईंनी घेतला. पलीकडून नुसता आरडाओरडा, पण जागा मिळाली. चाळीस-पंचेचाळीस माणसं, इंजिन बंद, होडीत घोट्यापर्यंत पाणी. बाईंनी लगेच बचाव केंद्र गाठलं. ते म्हणाले, एक मालवाहू जहाज त्या बाजूने जातंय, त्याला वळवता येईल, पण होडी वाहत असणार, ताजी जागा द्या. बाई मला म्हणाल्या, "पुढचा फोन तू कर. माणूस उर्दू बोलतोय."

बारा वाजता मी लावला. पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हटलं, "भैया, मैं हिंदी में बात कर रही हूँ, सुनाई देता है?"

मग तो माणूस रडायलाच लागला. "बाजी, आप इंडिया से हो?"

झालं! बाजी म्हणजे ताई. मी विरघळले. दोन वर्षं सराव केलेला नियम कुठल्या कुठे गेला. मला इतकं बरं वाटलं, की कुणाला तरी माझ्या आवाजाने धीर येतोय. मी विचारलं, "रो मत भैया. कुछ खाया क्या आप लोगों ने?"

बुडत्या होडीतल्या माणसाला मी जेवलात का म्हणून विचारलं. कप्पाळ माझं!

तोही बिचारा सांगत बसला. काल खजूर होते, ते संपले. मग मी विचारलं, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं. तो म्हणाला, गुजरातजवळचं गाव, म्हणजे तिकडच्या पंजाबातलं गुजरात, घरी दोन बहिणी. मी म्हटलं, "अच्छा, बहनें बड़ी हैं के छोटी?" मधे तो एकदा म्हणाला, "बाजी, बैटरी एक ही डंडा बची है." ते मी ऐकलं. ऐकूनही त्याला आधी पाणी काढत राहायला सांगितलं, घाबरू नको म्हटलं, आणि मग कुठे जागा विचारली. त्याने उत्तरेचा आकडा सावकाश, नीट वाचून दाखवला. पूर्वेचा सुरू केला आणि फोन बंद.

मी परत लावला. बंद. परत. बंद.

आमची सगळ्यांची मिळून एक नोंद असते, कॉम्प्युटरवर, दोघींनाही दिसणारी. तीत मी लिहिलं, "लाइन तुटली. अर्धी जागा मिळाली." खोटं त्यात काही नव्हतं. बॅटरीचं लिहिलं नाही. बहिणींचं तर नाहीच नाही. बाई म्हणाल्या, "होतं असं, समुद्रावर सिग्नल जातो," आणि त्यांनी केंद्राला कळवलं, की थोड्या वेळात पूर्ण जागा देतो. केंद्र म्हणालं, बरं, आम्ही थांबतो. मग बाई दर पाच मिनिटांनी तो नंबर लावत राहिल्या. मला माहीत होतं तो लागणार नाही. त्यांचा एकेक प्रयत्न नोंदीत उमटताना मी स्क्रीनवर बघत होते. तोंड उघडेना. पंचेचाळिशीची बाई मी, ऑफिसात दहा माणसांची टीम सांभाळते, आणि शाळेतल्यासारखी ओरडा खायला घाबरत होते. स्वतःचीच इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

आई पोळ्या करत होती. ती लाटणं हातात घेऊनच आली. "काऊन वं, तोंड काऊन उतरलं तुयं?"

मी हेडफोनचा माइक बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. बॅटरीचंही. वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, होते चूक. पण ती माझ्यावरच खेकसली. "मंग सांग ना तिले! तिले काय सपन पडनार हाय? ते बिचारी नंबर लावून राहिली, अन् तू इथं मले सांगते!"

मी बाईंना सांगितलं. एका दमात, इंग्रजीत, अडखळत. गप्पा मारल्या, बॅटरी संपलीय हे मला माहीत होतं, फोन आता लागणार नाही. त्या रागावल्या नाहीत. "राइट सो," म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे तर. लगेच केंद्राला फोन लावला. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, वॉर्डात असावा तसा सपाट. "आता आणखी जागा मिळणार नाही. थांबू नका. सकाळची पूर्ण जागा आहे, बाराची अर्धी आहे, वारा कुठला आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यावरून काढा आणि जहाज आत्ता वळवा." पलीकडचा काहीतरी कुरकुरला. बाईंनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तो हो म्हणाला.

मग वाट बघणं. आईने जेवायला वाढलं, आम्ही जेवलो. लाज वाटली जेवताना, पण जेवलो. संध्याकाळी आईने देवापुढे दिवा लावला आणि भांडी घासायला घेतली.

सहाला शिफ्ट संपायच्या जरा आधी बाईंचा फोन आला. जहाजाला होडी सापडली होती. सगळ्यांना वर घेतलं होतं. सगळे जिवंत. मी ओरडलेच. आईला मिठी मारली, तिचे हात साबणाने ओले होते, आम्ही दोघी रडलो.

मग माझी सवय, खोदून खोदून विचारायची. कधी सापडली? कशी? बाई म्हणाल्या, "सूर्य मावळल्यावर. कप्तान म्हणतोय, अजून वीस मिनिटांनी पूर्ण अंधार झाला असता, मग दिसली नसती. थोडक्यात वाचले." त्यांनी हिशोब केला होता की नाही, मला माहीत नाही. मी केला. मी चाळीस मिनिटं गप्प बसले होते. अजून वीस मिनिटं तशीच बसले असते, तर जहाज तेवढंच उशिरा पोचलं असतं, तो माणूस आणि होडीतले बाकी सगळे अंधारात राहिले असते, आणि नोंदीत माझं "लाइन तुटली" तेवढं उरलं असतं.

"काय म्हनते वं ते?" आई विचारत होती.

"वाचले सगळे," मी म्हटलं. अंधाराचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.