मालकांचा निरोप

डुमसच्या किनाऱ्यावर निवृत्तांचा हास्यक्लब बॅनर बांधून आनंदी होत होता. पलीकडे डिंडोलीहून आलेला एक म्हातारा बायकोला समुद्र दाखवत होता. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, असं त्यानेच मघाशी चहाच्या टपरीवर मला सांगितलं होतं.

अचानक ती भरतीच्या पाण्यात चालत निघाली. त्याने धावत जाऊन तिचा दंड धरला.

“सोड मेल्या! माझे मालक येतील!” ती ओरडली.

हास्यक्लबातले दोघे बाह्या सरसावून त्याच्यावरच धावले. पाणी तिच्या गुडघ्यांवर आलं होतं. त्याने दंड सोडला आणि हात जोडले.

“ताई, मालकांनीच पाठवलंय मला. वर वाट बघताहेत.”

ती थबकली, मग त्याच्यामागून वाळूवर आली.

“रागावलेत का हो, भाऊ?”

“नाही ताई. घाबरलेत.”