लूमचं तेल

काल गिटारच्या तारा काढल्या आणि बोटं फिरतात त्या काळ्या पट्टीला नव्या बाटलीतलं तेल लावलं. आधी लिंबाचा वास आला, आणि त्याच्यामागून दुसराच, फार ओळखीचा. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मिनरल ऑइल. म्हणजे बाबांच्या लूमचंच तेल की!

मी अकरावीत होते. बाबा भिवंडीत पॉवरलूम दुरुस्त करायचे. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी प्रत्येक लूमला तेल द्यायचे. एका दुपारी मी घरी आले तर ते माझी गिटार मांडीवर घेऊन त्याच पट्टीवर, तारांसकट, तेलाची चिंधी फिरवत होते. तारा बुळबुळीत, आवाज मेलेला. आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझं गाणं होतं.

"ही काय तुमची लूम आहे का, बाबा?" मी किंचाळले.

"लाकूड सुकलंय, पोरी. तेल न्हाय दिलं तर चिरंल," एवढंच बोलून ते गिटार खाली ठेवून हात मागे बांधून उभे राहिले. त्यानंतर गिटारला त्यांनी कधी हात लावला नाही.

तारा त्यांनी बिघडवल्या, हे खरंच. पण पट्टी आजवर चिरली नाही, हेही खरंच. मग माफी मागायची तरी कशाची?

काल त्या वासानं बाबा दाराशी आले, हात मागे बांधूनच. मी चिंधी पुढे केली. त्यांनी गिटारकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तारा काढल्यास ना?" त्यांनी विचारलं.