नाकवाले टमाटे

आमच्या मालकांचं नाक लांब आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे. लग्नात अंतरपाट खाली झाला तेव्हा मला आधी नाक दिसलं, मंग नवरदेव.

तर सूनबाईनं शेतात शेडनेट टाकून टमाटे लावायचं म्हणलं, तेव्हा पहिलं हेच नाक मुरडलं.

"जाळीत टमाटे? टमाट्याला काय मच्छर चावून राह्यले का?"

यांचं एकच, ऊस लावा. कारखाना अंकुशनगरला, हाकेच्या अंतरावर, लावला की विसरा. पण पोरगा जालन्याला नोकरीवर, शेत सगळं सुनेच्या हातात. आमच्या घरी आल्यापासून तिनं हट्टानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. शेवटी मालक म्हणले, "एक हंगाम देतो. माल बराबर निघाला तर ठीक, न्हाई तर जाळी गुंडाळायची अन् ऊस लावायचा."

झालं, तिचा सगळा जीव त्या जाळीत. सकाळचा च्या पण तिथंच.

झाडं तर माझ्या डोक्याच्या वर गेली, फुलं लागली, अन् गळायला सुरुवात. जाळीत ना वारा शिरतो ना माशी, वरून उन्हाची भट्टी. फळ धरावं कसं? मंग ती अंबडहून औषधाची बाटली घेऊन आली. दुकानदार त्याला संजीवक म्हणतो, आम्ही सगळ्यालाच औषध म्हणतो. पाण्यात नेमकं मोजून टाकायचं, अन् उमललेल्या घोसावर एकदाच फुसकारायचं. दुसऱ्यांदा लागलं की फळ बिघडतं. कोणता घोस झाला अन् कोणता राहिला हे कळावं म्हणून तिनं त्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग कालवला. फुसकारलं की घोस लाजल्यासारखा दिसायचा.

"यात कोणी हात घालायचा न्हाई," तिनं सांगून टाकलं. "मामा, तुम्ही पण."

"मी कशाला येतो तुझ्या जाळीत?" मालक म्हणले.

फुलगळ थांबली. फळं धरली. पोरगी गाणं म्हणत हिंडायची. अन् मंग टमाटे मोठे झाले, अन् पाहतो तर काय, एकेकाला नाक! खाली चांगलं टोकदार, लांब. काहीला तर नाक अन् हनुवटी दोन्ही. चिरून पाहिला तर आतून पोकळ, बी नावाला नाही.

सूनबाई वरंब्यावर बसूनच राहिली. "आत्याबाई, मी एकदाच मारलं वो. देवाशपथ एकदाच."

एक टमाटा पदरात बांधून ती दुकानदाराकडं गेल्ती. तो म्हणला, औषध डबल झालंय. आता घरात माणसं तीन. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मला काय पाहतीस? मला तर गुडघा बांध चढू देईना."

मालक बाजूला उभे, हात पाठीमागं, टमाट्याकडं टक लावून. उसाचं एक अक्षर काढलं नाही. खरं तर तिथंच मला समजायला पाहिजे होतं.

दोनचार दिवसांनी त्यांना कुठंतरी लग्नाला जायचं होतं. अंगणात आरसा टेकवून दाढीला बसले. चष्मा काढलेला. ब्रश फिरवला, फेस आला, अन् फेस गुलाबी! या कानापासून त्या कानापर्यंत. सूनबाई च्या घेऊन आल्ती, ती कप धरून तशीच उभी.

"मामा, ही गुलाबी दाढी कशी काय?"

"नवीन साबण आहे."

"साबण तर पांढरा दिसून राह्यला."

मी ब्रश घेतला अन् दाबला. केसांच्या बुडातून गुलाबी पाणी.

"अगोदर तोंड धुवा," मी म्हणलं, "न्हाई तर नाकाला अजून एक नाक फुटल."

धुता धुता कबूल झाले. दुपारी आम्ही लवंडलो की हे जाळीत जायचे, तिचं कालवून उरलेलं गुलाबी औषध घ्यायचे अन् दाढीच्या ब्रशनं घोस न् घोस पुन्हा भिजवायचे.

"अगं, तू दिलंस ते एवढूसं! पाहुण्याला तुपाचा थेंब वाढावा तसं. कपाशीला आपण कसं न्हाऊ घालतो? म्हणलं फुलं उपाशी राहतील. अन् ब्रश मऊ असतो, दुखत न्हाई त्यांना."

"पण तुम्हाला तर ऊस पाहिजे होता!"

मालकांनी तोंड पुसलं. मंग हळूच म्हणले, "घनसावंगीच्या जीपमध्ये सगळ्यांना सांगून बसलोय. आमच्या सुनेसारखा टमाटा तालुक्यात न्हाई म्हणून."

"मंग घरात ऊस ऊस का करता?" मी विचारलं.

"घरात करावं लागतं."

सूनबाईनं कप खाली ठेवला. "ठरलं ते ठरलं. माल बिघडला. गुंडाळा जाळी."

"बिघडला कुठं? नाकंच तर आलीत. विकून दाखवतो!"

अन् लग्न सोडून क्रेट घेऊन निघाले अंबडच्या बाजारात. मी गंमत पाहायला सोबत. गालावरचा रंग पुरता गेलाच नव्हता. एका बाईनं टमाटा उचलला, फिरवला, मालकांकडं पाहिलं, पुन्हा टमाट्याकडं.

"बाबा, घरचंच वाण दिसतंय!"

सगळी ओळ हसली. दुसरे कोणी असते तर उठून आले असते. यांनी उलट नाक वर केलं अन् ओरडायला लागले, "चटणीत नाक दिसत न्हाई! घ्या, चटणीत नाक दिसत न्हाई!" संध्याकाळी क्रेट रिकामे.

घरी येऊन, जसे काही उपकार करून राह्यले अशा आवाजात म्हणले, "बघू अजून एक हंगाम." सूनबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. हसली का रडली, मी विचारलं नाही.

आता सकाळी मालक जाळीत राजरोस जातात. सुनेनं हातात एक काठी दिलीय, त्या काठीनं झाडं बांधलेल्या तारांना टकटक करायचं, फुलं हलली की फळ धरतं, बस. औषधाला हात नाही. दाढीचा ब्रश तिच्या पेटीत, कुलपात. दाढी करायची झाली की मालक दाराशी उभे राहतात, गाल खाजवत.

"काय पाहिजे, मामा?"

"ब्रश."

"कशाला?"

"दाढीला," म्हणतात, अन् तिच्या डोळ्यांसमोर बसून करतात.