चांदावरचे पट्टे

गणपती उठल्यानंतरचा रविवार. अहमदाबादच्या जुन्या शहरातली एक हवेली. तिकीट दीडशे रुपये, माझ्या पैशानं काढलेलं. हजर: मी, दारावरचा रखवालदार, हवेलीची मालकीण आणि तिच्यामागून फिरणारे दहाएक पाहुणे.

रखवालदारानं तिकीट बघितलं नाही. तोंड बघितलं. "ओ काका, मजूरोनो दरवाजो पाछळ छे."

मी तिकीट पुढे केलं. त्यानं ते उजेडात धरलं. खोटी नोट तपासतात तसं. मग म्हणाला, "चंपल त्यां बेसीने काढो."

तिथे एक बाक होतं. लोखंडी पायांवर आडवी टाकलेली सागाची जुनी फळी, वर पॉलिश. एक जाडा माणूस तिच्यावर बसून बुटाची नाडी सोडत होता. त्याच्या मांडीशेजारी वाघ कोरलेला होता. वाघाच्या वर सूर्य. सूर्याशेजारी चांद. आणि चांदावर पट्टे.

चांदावर पट्टे जगात एकाच ठिकाणी होते. आमच्या पाड्याच्या शिवेवर.

मी गंजाडकडचा वारली. तलासरीत एका पतपेढीत हिशेब लिहितो. पन्नाशी उलटली, मुलींची लग्नं झाली, आणि वाटलं, एकदा एकट्यानं एखादं मोठं शहर बघावं. पहाटेच्या गाडीनं आलो. दगडी जाळीची मशीद बघितली. पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांमधून, कोरीव खिडक्या बघत हिंडलो. बरं वाटत होतं. कुणाचं सामान उचलायचं नव्हतं. कुणाला साहेब म्हणायचं नव्हतं.

तो वाघ्या, आमचा शिवेवरचा वाघदेव, माझ्या आजोबानं कोरला होता. कोरताना हात थांबला नाही, वाघाचे पट्टे चांदावरही काढले. सगळा पाडा हसायचा. "याने चांदाचा पण वाघ केला!" पण पूजा त्याचीच. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला शेंदूर, नारळ, कोंबडा, ताडी.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा वाघ्या गेला. शिवेवर नुसता खड्डा राहिला. त्याआधी जीपमधून एक शेठ येऊन गेला होता. बाबाशी बोलताना त्याला सगळ्यांनी बघितलं होतं. बाबा पाड्याचा भगत. भगतानं देव विकला, असं ठरलं. पंचांनी त्याला त्या खड्ड्यापुढे नाक घासायला लावलं. दंड एक बोकड. आमच्याकडे एकच होता. बाबा म्हणत राहिला, "मी नाही विकला." मरेपर्यंत त्याला कुणी पूजेला बोलावलं नाही. मला शाळेत नाव पडलं, देवविक्याचा पोर.

मी त्या बाकापुढे गुडघे टेकले. फळीच्या कडेला डोकं लावलं. तोच मागून मालकीणबाईचा आवाज आला. पाहुण्यांना सांगत होती.

"ये आदिवासियों का टायगर गॉड. ससुरजी डहाणू के जंगल से लाए थे. भगत को सौ रुपये दे रहे थे, उस जमाने के सौ! माना ही नहीं. बोला, देव है." पाहुणे हसले. "फिर क्या? सब लोग नाच में थे. दो आदमी लगाए और जीप में डाल दिया."

बाबा मानला नव्हता. चाळीस वर्षांनी, परक्या शहरात, चोराच्या सुनेच्या तोंडून ऐकलं. आणि लोक हसत होते.

बाईनं मला बघितलं. "अरे, ये तो सच में पूजा कर रहा है! कहां से हो, भैया?"

"डहाणू."

"क्या बात है! बैठो ना इस पे, फोटो लेते हैं. ओरिजिनल के साथ ओरिजिनल!"

सगळे मोबाईल माझ्याकडे वळले. बस म्हटलं की मी आजवर बसत आलो. उठ म्हटलं की उठलो.

"मैं नहीं बैठूंगा," मी म्हणालो. मग जाड्याकडे वळलो. "आप भी उठो."

तो उठला. एका पायात बूट, एका पायात मोजा.

मग मी माझा मोबाईल काढला. आवाज गोड केला. "बहनजी, वो ससुरजीवाली बात फिर से बोलिए ना. गांव में सबको दिखाऊंगा."

तिनं पदर सारखा केला. आधीपेक्षा रंगवून सांगितलं. सासऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले.

पुढच्या रविवारी पाडा गावदेवीपाशी जमवला. त्या पंचांपैकी आता एकटा जान्याआजा उरलाय. मी मोबाईल लावला. हिंदी वाक्य थांबवून थांबवून आमच्या बोलीत सांगितलं.

जान्याआजा म्हणाला, "परत लाव." परत लावलं. मग तो म्हणाला, "तुझा बाप खरा निघाला रे."

"आज नाही निघाला, आजा. तेव्हाही होता. तुम्ही नाक घासायला लावलंत तेव्हाही."

मी त्यांची सुटका केली नाही. दुसऱ्या दिवशी जान्याआजानं एक बोकड आणून आमच्या अंगणात बांधला.

पोलिसांत अर्ज दिलाय, व्हिडिओसकट. ते त्यांच्या चालीनं चालतील. वाघबारस त्यांच्यासाठी थांबणार नाही. देव जिथे, पूजा तिथे. तोवर वाघ्या शिवेवर आला तर शिवेवर. नाही आला तर त्या हवेलीच्या चौकात, दर वर्षी. त्रेपन्न माणसांनी नावं दिलीत. माणशी दीडशेप्रमाणे सात हजार नऊशे पन्नास होतात, ते जमले आहेत. रखवालदारानं एकेक तिकीट उजेडात धरून बघावं. शेंदूर असेल, ताडी असेल, नाचाला तारपा वाजेल. हवेलीत कांदासुद्धा चालत नाही, अशी पाटी मी दारातच वाचलीय.

आजवर चुकतं झालं ते एवढंच: एक बोकड, जान्याआजाकडून माझ्या बाबाला. हवेलीकडून अजून काही आलेलं नाही.

बोकड आम्ही कापला नाही. त्याला रोज सकाळी मी स्वतः पाला घालतो. वाघबारशीपर्यंत चांगला भरला पाहिजे.