हवाचाचांची नळी

हे आत्ताच सांगायला हवं. दुपारी टायपिंगच्या क्लासवरून येताना यवतमाळच्या स्टँडवर एक जीपवाला इंजिनातून नळी काढून चाकात हवा भरताना दिसला, आणि मला हवाचाचा आठवले. चप्पलही न काढता लिहायला बसले आहे.

हवाचाचा म्हणजे ब्लॉकच्या, म्हणजे पंचायत समितीच्या, जीपचे ड्रायव्हर. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर साहेबांना घेऊन यायचे. दिसेल ती वस्तू अंगठ्याने दाबून बघायची त्यांची सवय. टायर तर दाबायचेच, भाकर दाबायचे, टरबूज दाबायचे, आणि माणसंही टायरच्या हवेसारखी पौंडातच मोजायचे. तांड्याचे नाईक बोलायला उभे राहिले की हळूच म्हणायचे, "चाळीस पौंड हाय. आता फुटते."

आमच्या नाल्याच्या रेतीत जीप रुतायची, म्हणून चाचा आधी चारही चाकांची हवा कमी करत. "टायर उंटाच्या पायावानी पसरलं पायजे, मंग रेती सोडते." पण पलीकडे सगळा दगडाचा रस्ता. कमी हवेवर टायर फाटणार, आणि हातपंप मारत बसलं तर अर्धा दिवस जाणार. मग त्यांनी स्वतःच एक यंत्र केलं. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनीमाती फोडून काढली, त्याला तांब्याची नळी जोडली, नळीवर रबरी पाइप तारेने बांधला. इंजिनाचा एक प्लग काढून हा बसवायचा. तीन सिलिंडर इंजिन चालवणार, चौथा हवा भरणार.

पहिल्या खेपेला चाकात पेट्रोलचाच वास भरला. माझी याडी, म्हणजे आई, म्हणाली, "भाऊ, हे चाक हाय का रॉकेलची चिमणी?" आठ दिवस चाचांनी जीपजवळ कोणाला बिडी पेटवू दिली नाही. मग प्लगच्या बाजूला भोक पाडून त्यात सायकलच्या बेअरिंगची गोळी बसवली. "आता बाहेरची साफ हवा वढते," असं सगळ्यांना दाखवत फिरले.

त्या वर्षी सातवीच्या परीक्षेला तांड्यातून मी एकटीच मुलगी होते. केंद्र महागावला, पेपर अकराला. बापाने गाडी जुंपायला घेतली तर बैल लंगडत होता. वर्ष गेलं असं धरून मी रडत बसले. तेवढ्यात साहेबांना पोचवून चाचा रिकामी जीप परत नेत होते, त्यांनी मला बसवून घेतलं. हवा सोडली, नाला पार केला, यंत्र लावलं, इंजिन सुरू केलं आणि पाइप नळीवरून उडाला. बांधलेली तार तुटली होती. मी ओढणीची पट्टी फाडायला घेतली.

"ठेव ते. परीक्षेले फाटकी ओढणी घालून जातं काय कोणी? जाय, त्या पळसाखाली बसून पाढे म्हण. इकडे पाहू नको."

मी जीपकडे पाठ करून बसले. इंजिन चालत राहिलं. बारापासून तीसपर्यंतचे पाढे झाले, तेव्हा चाचांनी हाक मारली. चारही चाकं टम्म. स्टिअरिंग धरताना त्यांनी हाताखाली फडकं घेतलं होतं, पण ड्रायव्हरच्या हातात फडकं असतंच.

महागावला मी शाळेसमोर उतरले. चाचांनी माझा गाल अंगठ्याने दाबून पाहिला. "हवा बराबर हाय. जाय." अंगठा डाव्या हाताचा होता. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

मी पास झाले. चाचा तांड्यावर आले तेव्हा मी गुळाचा खडा घेऊन गेले. त्यांनी उजवा हात पुढे केला. तळहातावर नळीएवढ्या रुंदीचा एक गुळगुळीत, गुलाबी पट्टा होता.

"चाचा, हे काय?"

"नळी तापते बेटा. जोड कोणाले तरी धरून ठेवावा लागत होता." मग गूळ दाबून म्हणाले, "नरम हाय. चांगला हाय."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची वणीकडे बदली झाली. नंतर भेट नाही. आज स्टँडवर त्या जीपवाल्याच्या नळीला जोडावर लोखंडी पट्टी घट्ट आवळलेली होती. मी सगळ्यात आधी तेच पाहिलं.

तुम्हालाही कोणी असं परीक्षेला पोचवलं होतं का? आणि त्या माणसाचा हात तुम्ही त्याच दिवशी पाहिला होता, की माझ्यासारखा उशिरा?