झाकलेला डावा पाय

आईला मी सगळं सांगते, न सांगण्यासारखंसुद्धा. हे एवढं एक सोडून. आजवर कुणापाशीच बोलले न्हाई — आणि तुमाला तरी कशाला सांगायलेय, ते मलाच कळंना. पण तोंड उघडलंय तर ऐका आता.

शीतल ताडकळसची. घरी मेंढरं. मी पोखर्णीची, घरी बागायती शेती, सरावाला परभणीला सोडायला बापाची मोटारसायकल. दोघी एकाच मैदानावर फुटबॉल शिकलो, दोघी डाव्या बाजूनं पुढं खेळायचो. माझे बूट चांगले होते. तिचा डावा पाय चांगला होता — चांगला कसला, लय भारी! मी मरमर घाम गाळायची, अन् ही बया उशिरा यायची, हसत यायची, आल्या आल्या गोल मारायची. स्पर्धेला बाहेरगावी गेलो की माझी सख्खी आई फोनवर आधी काय विचारायची? शीतल जेवली का. मी उपाशी मेले तरी चालंल! अशा वेळी पोटात दुखणार न्हाई तर काय होईल?

मग मोठ्या शहरातल्या एका क्लबानं आमा दोघींना शिबिराला बोलावलं. टिकलं तर पगारी खेळाडू. शिबिरात हंगामाआधीचे सराव सामने असतात. तिकीट न्हाई, गुण न्हाईत, हरलं तरी कुणी काही विचारत न्हाई. बघणाऱ्याला वाटावं, रिकामटेकडे लोक दिसायलेत. पण खरं सगळं तिथंच ठरतं. खांब ठोकून त्यांच्यामधून पळायला लावलं तर कुणीही बरंच दिसतं. समोर अंगावर येणारी पोरगी असली की कोण काय हाय ते कळतं. क्लबाचे मुख्य प्रशिक्षक, म्हणजे आमचे सर, तेच बघत उभे असतात.

आमच्याकडची रीत मात्र उलटी. यात्रेतल्या स्पर्धेआधी शेजारच्या गावाशी सराव सामना ठरला, की आपला खरा डाव झाकायचा. डावखुरीनं मुद्दाम उजव्या पायानं खेळायचं. पळता येत असलं तरी रमतगमत पळायचं. म्हणजे स्पर्धेत समोरचे गाफील राहिले पाहिजेत. आमी दोघी असंच खेळत मोठ्या झालो, त्यात आमाला वावगं काहीच वाटायचं न्हाई.

आता — कसं सांगू? शेवटच्या सराव सामन्याच्या आदल्या दुपारी मी व्हरांड्यात बूट पुसत बसले होते. शीतल पायाला बर्फ लावायला गेलेली. सरांच्या सहायक मॅडम आल्या अन् म्हणाल्या, की डाव्या बाजूला एकच जागा हाय, उद्याचा खेळ बघून सर तुमच्यापैकी एकीला ठेवणार. शीतललाही सांग, दोघी जीव लावून खेळा. मी हो म्हणाले. त्या गेल्या. माझ्या डोक्यात तेव्हाच काही होतं का? होतं. उगाच खोटं कशाला बोलू — आता तरी?

शीतल आली. मी तिला सांगितलं, की उद्याच्या टीमशी पुढं लीगमध्ये गाठ हाय, तेव्हा तू तुझा डाव झाकून खेळ, बाकीच्यांनी रोजच्यावानी खेळायचं, असा सरांचा निरोप हाय. तिनं दुसरा प्रश्नसुद्धा विचारला न्हाई. हसली, म्हणाली, आपल्या गावावानीच हाय की मग.

दुसऱ्या दिवशी ती उजव्या पायानं खेळली. मोकळा गोल समोर असताना चेंडू मागं दिला. मी मात्र वेड्यावानी पळत होते. मध्यंतराला सरांनी तिला बाहेर काढलं अन् मॅडमना म्हणाले, की सरावात चमकते, सामन्यात अंग चोरते, असली पोरगी काय कामाची. मी शेजारीच पाणी पीत होते. पाणी गोड लागलं मला. शीतल कडेला बसून टाळ्या वाजवायली होती, माझ्यासाठी.

जागा मला मिळाली. तिला मॅडमनी एवढंच सांगितलं, की यंदा जमलं न्हाई. सरांशी वाद घालायचा तिचा स्वभावच न्हवता. मला वाटलं होतं, एकदा ही गेली की माझा जळफळाट थांबंल. कसला थांबतोय! ती जाताना मॅडमचे डोळे भरले, तर तेही मला बघवंना.

स्टँडवर सोडायला मीच गेले. बस लागली होती. पिशवी खिडकीतून सीटवर टाकून ती माझ्याकडं वळली.

"सराव सामन्यावर थोडंच ठरवत्यात? आधीच ठरलं असंल त्यांचं," ती म्हणाली. "तू खरं सांग. मी कमी पडले का गं?"

तिला रडू आलं न्हवतं. खेळातलं माझं म्हणणं ती मानायची, म्हणून विचारत होती. मी एक शब्द बोलले असते तर पिशवी काढून ती माझ्यासंगं सरांपुढं येऊन उभी राहिली असती. गाडी सुटायला अवकाश होता.

"हो," मी म्हणाले. "थोडी कमीच पडलीस."

तिनं मान हलवली अन् बसमध्ये चढली.

त्यानंतर तिनं चेंडूला पाय लावला न्हाई. ताडकळसच्या पोरी अजून तिला विचारत्यात, का सोडलंस म्हणून. ती सांगते, मी तेवढी चांगली न्हवते, माझ्या मैत्रिणीनं तोंडावर खरं सांगितलं म्हणून कळलं.