लाखेवर बसवलेला दगड

गोंडपिपरीच्या पुढं, जंगलात, ती टेकडी मला सापडली तेव्हा मी भूशास्त्र शिकून नुकताच सर्वेक्षणाच्या नोकरीला लागलो होतो. डोक्यानं गरम होतो, आजही आहे. तिथला दगड वरून तांबूस, फोडला की आत काळपट हिरवा, आणि हातात घेतला की चांगलाच जड. काही ठिकाणी तर बोटाला साबणासारखा बुळबुळीत लागायचा. हा पृथ्वीच्या कवचाखालून, प्रावरणातून वर आलेला दगड आहे, असं मी मोठ्या साहेबांना सांगितलं.

"ट्रॅप आहे, साधा लाव्ह्याचा कातळ," साहेब म्हणाले. "तुमच्या मुलखात काळा दगड म्हणजे ट्रॅपच."

मी भडकलो. "साहेब, ट्रॅप मी वरोऱ्याकडं लहानपणापासून तुडवला आहे. हा तो नाही!" तंबूतले सगळे खाली माना घालून बसले.

खरंखोटं करायचं तर दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवून, उजेड आरपार जाईपर्यंत घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पण चिकटवायच्या बाल्समची बाटली बैलगाडीत फुटली होती. सोमवारी तंबू जिवतीकडं हलणार होते. एकदा नकाशावर ट्रॅप लिहिलं गेलं की त्या टेकडीकडं पुन्हा कोण फिरकणार? मी दोन चकत्या कापल्या आणि मिळेल त्या ट्रकनं चांदा गाठलं.

माझे अब्बा चांद्यात लाखेच्या बांगड्या करायचे.

"काचेवर दगड बसवायचा आहे अब्बा, पक्का."

"एवढंच ना? बस तू."

नवरीच्या बांगड्यांसाठी राखून ठेवलेली, घरातली सगळ्यात भारी लाख त्यांनी शेगडीवर धरली आणि चकती अशी बसवली की काय सांगू! मी दिवसभर कुरुंदाच्या पुडीवर घासत बसलो. दगड कागदासारखा झाला, तरी उजेड काही जाईना. मग डोक्यात प्रकाश पडला. बांगडीच्या लाखेत माती आणि रंग कुटून घालतात. जन्मभर बांगड्या केलेल्या माणसाला बिनरंगाची लाख सुचणार तरी कशी?

"अब्बा, सत्यानाश केला तुम्ही!"

"मंग आधी सांगायचं होतं ना, आरपार दिसलं पायजे म्हणून! आता काऊन ओरडून राह्यला माह्यावर?"

आम्ही दोघंही तापट. अम्मीनं दोघांनाही जेवायला हाकललं.

हात धुऊन अब्बा पुन्हा शेगडीपाशी बसले. या वेळी चपडा लाख घेतली, निव्वळ, फडक्यातून गाळलेली, मधाच्या रंगाची. चकती एकच उरली होती. ती बसवताना त्यांनी एक बुडबुडा राहू दिला नाही. मी घासत गेलो, घासत गेलो, आणि खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं दगडातून दिसायला लागली. मी अब्बांना मिठी मारली.

सोमवारी ते माझ्याबरोबरच निघाले. "माही लाख आहे. मी येतो."

आम्ही पोचलो तेव्हा तंबूंचे दोर सुटायला लागले होते. साहेबांनी नाराजीनंच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चकती फिरवली. पुन्हा फिरवली. आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं, घरी सूक्ष्मदर्शक कुठला!

"ऑलिव्हिन," साहेब हळू आवाजात म्हणाले. "सगळं ऑलिव्हिन. ट्रॅपमध्ये एवढं नसतं. निळं, गुलाबी... कडेनं सर्पेंटाइनची जाळी. आणि हे बघा, एकाच कणात सरळ पट्टे. खोलवर दाबला गेलाय हा, फार खोलवर." डोळा न काढताच त्यांनी हात वर केला. "तंबू सोडू नका."

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी होती. तेवढ्यात अब्बा पुढं झाले.

"सरका साहेब, मले पाहू द्या."

साहेब उठले. स्वतःचं स्टूल त्यांनी रुमालानं पुसलं आणि अब्बांसाठी पुढं केलं. अब्बांचं मनसोक्त पाहून होईपर्यंत ते बाजूला उभे राहिले.